काळ्याचा भाव

महारानी रोडवरच्या दुकानात भिंतभर मध ओघळत होता.
मधानंतर पोपट, पोपटानंतर कुठल्याशा
परदेशी पुलावर फुटणारी आतषबाजी.
शेजारच्या पडद्यावर तोच मध, तेच पोपट,
बावीस हजारांनी स्वस्त.

पोरवालांचा मुलगा म्हणाला, "भिया, इसमें काला असली काला है."
अण्णांनी मान वर केली.
असली काळा कुठला, ते
एकतीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात
सगळे त्यांनाच विचारायचे.
ओला तागा उत्तरेच्या खिडकीशी नेऊन
ते सांगायचे, हा निळा मारतोय,
हा तपकिरी, ह्याला अजून एक पाणी द्या.
गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलं,
त्या कुलपाचा रंगही आता कुणाला सांगता यायचा नाही.

गेल्या महिन्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला.
डावा अजून पिकायचाय.
अण्णांनी भर दुकानात डाव्यावर तळहात ठेवला, पाहिलं,
मग उजव्यावर.
"ह्या डोळ्याला परवडतोय," म्हणाले,
"ह्याला नाही."

मी मोबाइलवर हप्ते मांडत होतो.
शर्वरीची फी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग,
आणि घरी बघणार काय, तर बातम्या,
नाहीतर ती मालिका, जिच्यात खून झाला तरी
चारही कोपऱ्यांत उजेड सारखाच.

मुलगा सांगत होता, इतके झोन, इतका ब्राइटनेस,
सूरज एकदम सूरज जैसा.
"सूर्याकडे बघतं कोण?" अण्णा म्हणाले.
"दोन्ही बंद करून दाखवा."
"बंद करके?"
हे कुणी मागितलं नव्हतं आजवर.
त्यानं गल्ल्यावरच्या वडलांकडे पाहिलं, मग बटणं दाबली.

दोन काळे.
अण्णा नाक टेकेल इतके जवळ गेले.
एका काचेत ते, दुसरीत मी,
बावीस हजारांच्या अंतरावर.
"बंद असताना एकाच ताग्यातले," म्हणाले.

सुटलो, असं वाटून मी
स्वस्ताच्या खोक्याकडे वळलोही होतो.
"महागाचा घे.
फरक दिसायचा म्हणून मला पगार मिळायचा.
आता दिसावा म्हणून पैसे द्यायची पाळी आपली."
आपली म्हणजे माझी. बारा हप्ते.

केबलवाला म्हणतो, आपल्या लाइनवर तसलं काही येत नाही.
तरी रात्री जेवणं झाली की अण्णा दिवा घालवतात,
बातम्या लावतात, आवाज बंद,
आणि निवेदकाच्या कोटाकडे बघत बसतात,
तळहात एकदा इकडे, एकदा तिकडे.

काल मला हाक मारली.
"हा काळा नाहीच रे. बॉटल ग्रीन आहे,
वरून काळ्याचं पाणी दिलंय."
मी पुढे वाकून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं.
मला काळाच दिसला.
अकरा हप्ते राहिलेत.