व्हायोलिनचा रंग

साखर ढवळायची नाही, बाय,
पिएदाद म्हणते, पातेलं नुसतं फिरवायचं.
वर चार थेंब लिंबू,
म्हणजे विरघळलेली साखर
पुन्हा खडे धरत नाही.

आणि थांबायचं कधी?

ती खिडकीजवळच्या खिळ्याकडे बघते.
तिथं रुझारचं व्हायोलिन असायचं.
पाक त्या रंगाला आला
की झटकन खाली.

गेल्या मे महिन्यात
ते राशोलच्या एका पोराला देऊन टाकलं.
तेव्हापासून कॅरमल
अंमळ काळसरच उतरतं.

मडगावची गिऱ्हाइकं तक्रार करत नाहीत.
एकीनं तर कौतुकानं विचारलं,
ही मागाहून येणारी कडसर चव कशाची?

लिंबाची साल,
पिएदाद म्हणाली,
आणि अंडी फोडायला घेतली.