मेंढ्यांची नावं

परीक्षेला चार हजार शब्द लागतात म्हणे.
बेगायिमने चहाच्या खोक्यांचे चौकोन कापले,
एकेकावर एकेक शब्द लिहिला, आणि म्हणाली,
बाबा, वापरल्याशिवाय शब्द आपला होत नाही.

सोन-कुलच्या कुरणात इंग्रजी बोलणार कुणाशी?
वारा आहे, तळं आहे, मी आहे.
माझी जीभ रशियनलाच अडखळते.
मग तिने शब्द मेंढ्यांना देऊन टाकले.

दिवसभर बें बें करणारी ती लोक्वेशस.
दारातच थबकणारी, ना आत ना बाहेर,
मागच्या सगळ्यांचा खोळंबा करणारी, ती अँबिव्हॅलंट.
पाय रोवून उभा राहणारा एडका ऑब्स्टिनेट.
तसला एक घरातही आहे, बायको म्हणाली,
एकही चौकोन न वाचता.

उशिरा जन्मलेल्या कोकराला तिने इफेमरल म्हटलं.
तिसऱ्या पहाटे ते गारठून गेलं.
शब्द अगदी बरोबर बसला, बाबा, म्हणाली,
आणि पालथ्या बादलीवर बसून रडली.

मी काही शिकायला बसलो नव्हतो.
पण कळप हाकताना हाका तोंडात रुळतात.
शेजारचा झोल्दोश लांबून ऐकायचा,
त्याला वाटे, मी नव्या शिव्या काढल्यात.

ऑगस्ट सरता सरता फीचा आकडा आला, डॉलरात.
मी तो मेंढ्यांत मोजला. पाच.
नारिनच्या बाजारात व्यापाऱ्याने दात पाहिले,
शेपटीची चरबी चाचपली,
नाव विचारलं नाही.
ट्रकच्या फळीवर चढताना मी एकेकीला हाक मारली.
लोक्वेशस गप्प होती.
पाचवी, करड्या कानाची, मागे वळलीच नाही.

काल बिश्केकहून फोन आला.
रेंजसाठी मी टेकडी चढलो, धापा टाकत.
एका शब्दापाशी अडले होते, ती म्हणाली,
मेलन्कली. काही केल्या अर्थ आठवेना.
मग ती करड्या कानाची डोळ्यांपुढे आली,
संध्याकाळची कळप सोडून
एकटीच तळ्याकडे तोंड करून उभी राहायची ना, ती.
झरकन लिहिलं.
कशी आहे ती, बाबा?

खाली कळप परतत होता, पाच कमी.
मी म्हणालो, आहे की.
इथेच उभी आहे,
तळ्याकडे तोंड करून.