जैसे थे

वेंगुर्ल्याच्या दिवाणी कोर्टात
एकोणतीस वर्षं मी बेलीफ होतो.
समन्स दारावर डकवायला
खळ घरून डब्यात न्यायचो,
सरकारी डिंक खाऱ्या वाऱ्याला टिकत नसे.

इंद्रावती कुबल विरुद्ध रुक्मांगद तांडेल.
दावा केवढ्याचा, तर बांगडे सुकवायच्या वाळूचा.
पूर्वेस माडाचा खुंट, उत्तरेस वाट,
दक्षिणेस तांडेलांची मांगरवजा शेड,
पश्चिमेस समुद्र.
चौथ्या सीमेला
दोन्ही वकिलांपैकी कुणी हरकत घेतली नाही.

मनाईच्या अर्जावर हुकूम झाला: जैसे थे.
तो घेऊन पोचलो तेव्हा ऐन भरती,
वादातली जमीन गुडघाभर पाण्याखाली.
रुक्मांगदाने कागद दोन्ही बाजूंनी बघितला.
"ह्यो दर्याक पण लागू हा काय?"
म्हटलं, दर्या पक्षकार नाही.

मग तारखा.
कधी साहेब रजेवर,
कधी साक्षीदाराच्या डोळ्याचं ऑपरेशन,
एकदा कोर्ट कमिशनर टेप घेऊन आला
आणि त्याचा एक बूट वाहून गेला.
माशांना पुढची तारीख चालत नाही.
आठ वर्षं दोघांनी निम्म्या निम्म्या वाळूवर
बांगडे घातलेच, एकमेकांकडे न बघता.
कावळे मात्र दोघांचे सामाईक.

एकदा परतीच्या एसटीत तिला म्हटलं,
वकिलाच्या फीत तुझी नवी होडी झाली असती.
पिशवी मांडीवर आवळून ती म्हणाली,
"झीलान कोयतो उचललेल्यान.
मी म्हटलंय, ठेव तो, अर्ज करूया.
अर्ज लिवूक येळ लागता रे,
तेवड्यात हात थंड होता."
पुढं मठ येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

निकाल तिच्या बाजूने लागला, खर्चासह.
तोवर दोन पावसाळ्यांनी ती वाळू
खुंटासकट ओढून नेली होती.
प्रत द्यायला गेलो तर म्हणाली, मोठ्यान वाच.
"वादी ही सन एकोणीसशे त्र्याहत्तरपासून
सदर जागेत मासे सुकवीत आली आहे."
हे वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं.
शेडच्या सावलीत रुक्मांगद जाळं शिवत होता.
सुई न थांबवता म्हणाला,
"खरा हा ता."

साक्षीच्या पिंजऱ्यात हेच बोलला असता
तर माझ्या किती खेपा वाचल्या असत्या.