मांजाविना

संक्रांत सरली. माडांवर, तारांवर
फाटके ताव उरले.
काटाकाटीवाली पोरं शाळेत गेली की
ओहोटीच्या ओल्या वाळूत, हर्णैला,
आमचा खेळ मांडतो आम्ही.
काच नाही, मांजा नाही. शिवणाचा साधा दोरा.

एक खुंट. खुंटावर पालथी करवंटी.
करवंटीवर सुपारी.
नाकानं सुपारी पाडायची,
करवंटी हलता कामा नये.

कासम वस्ता पतंगाला अजून वावडीच म्हणतो.
डाव्या हाताची दोन बोटं ट्रॉलरच्या विंचनं नेली,
उरलेल्या तिनांत दोरा असा धरतो
जसा मासा आमिषाचा नुसता वास घेतोय.
“ओढलीस की ती नाकासमोर जाते, कुंदे.
सोडलीस की विचारात पडते, गरगरते.
हवं तिकडं बघेल तेव्हाच ओढ.
आधी नाय.”

मी बर्फाच्या कारखान्यातली, बोटं सदा बधिर.
मतलईवर दर्याकडं सोडलेला पतंग
वाळूपासून वीतभर उंचीवर आणला,
करवंटीशी थबकवला,
आणि हावरटासारखा ओढला.
करवंटीसकट सगळं पाण्यात.
“बाद!” पंच धाकू पावसे ओरडला,
जणू माझं घरच लिलावात काढतोय.

दहाच्या सुमाराला वारा मेला.
मतलई दमलेली, खारा अजून उठायचा,
मधल्या त्या घटकेत
सगळे पतंग पाण्यावर बसले.
कासमचा तेवढा वर.
तो मागं मागं चालत गेला, होड्यांमधून,
सुकटीच्या वळणींमधून,
ओढ, तरंगू दे. ओढ, तरंगू दे.
सत्तरीच्या गुडघ्यांनी
स्वतःपुरता वारा करत.
सुकट परतणारी झुलेखा
हात तसाच ठेवून बघत राहिली.

खारा आला तो न सांगता.
दोरा सैल पडला. वावडी दर्यावरून फिरली,
घरी निघाल्यासारखी,
खुंटाला घासून गेली.
करवंटी जागच्या जागी.
सुपारी नव्हती.

“मी नाय पाडली,” कासम म्हणाला, “वाऱ्यानं.”
“दोरा कुणाच्या हातात होता?”
“हातात होता. ओढला कुठं होता?”
वाद चहापर्यंत गेला.
सुपारी शोधली, वाळू चाळली,
धाकूचा एक गाल तेवढा फुगलेला.

भाताची खळ लावून मी पतंगाचा कोपरा चिकटवला.
उद्या ओहोटी पाऊण तास उशिरा.
तोवर लाद्या फोडून होतील,
बोटांना थोडं ऊन लागलेलं असेल.