मूळ सदस्य

कॅसेटच्या आतल्या कागदावर
निळ्या बॉलपेनानं पाच नावं लिहून ठेवली होती मी.
सदरच्या दुकानात भरून घेतलेली कॅसेट, सत्त्याऐंशी साल.
‘स्लॅग हिल’.
बर्मिंगहॅमकडच्या कुठल्याशा भट्टीगावची पोरं.

आधी ड्रमर गेला. मग गाणारा.
मग त्याच्या जागी आलेला गाणारा.
बातमी सहा-सहा महिने उशिरा पोचायची,
ग्लॅडविनच्या मावशीच्या पार्सलातून,
स्वेटरच्या घडीत.
मी एक नाव खोडायचो, वर दुसरं बसवायचो.
ब्याण्णवपर्यंत त्या कागदाची
पानठेल्यावरची उधारीची वही झाली,
आणि मग बँडच मोडला.

आमचंही काय वेगळं होतं म्हणा.
अजनीच्या क्वार्टरात, कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून
ऐकणारे चौघे.
डोंगरवार भिलाईला लागला.
ग्लॅडविन पर्थला गेला, जाताना गिटार विकली
लग्नातल्या ऑर्केस्ट्रावाल्याला.
ताजणे कामठी रोडवर, स्कूटरसकट.
आमच्यात बदली कोणी आलं नाही.

मोतीबागेत फिटर होतो मी, छोट्या लाइनच्या शॉपमध्ये.
इंजिन यायचं, आम्ही पोट उघडायचो.
या खेपेला बॉयलर, पुढल्या खेपेला चाकं,
एकदा तर अख्खी केबिन.
बाहेर पडताना रजिस्टरात नंबर तोच.
नागभीडच्या गाडीत बसणाऱ्या एकानंही
कधी विचारलं नाही, हे तेच का.

काल पुतण्या मोबाइल घेऊन आला.
तीस वर्षांनी पुन्हा उभे राहिलेत.
जुना एकच, बेसवाला,
स्टुलावर बसलेला, कानात मशीन.
‘‘काका, बाकी तर सगळे नवे हायेत,
मंग हे तेच काहून म्हणायचं?’’

मी म्हटलं, वाजव.

पहिले तीन सूर.
यार्डात डबे एकमेकांना लागतात तसे,
एकामागून एक, शेवटच्या डब्यापर्यंत.
ताजणे नेमका इथेच मांडीवर थाप मारायचा,
अर्ध्या मात्रेनं आधी, दर वेळी.

बेसवाल्यानं मान वळवून ड्रमकडे पाहिलं
आणि हसला.
तिथे एक पोरगी होती, पंचविशीची,
दंडावर घाम, केस तोंडात.

कपाटातून कागद काढला.
पुढून जागा नव्हती, उलटा केला.
बॉलपेन उठेना, तळहातावर दोनदा गिरवलं.
‘‘नाव काय रे तिचं?’’