दुर्बिणीत एक नाणं

तंबू ठोकायला पाऊण तास गेला.
मेखा जुन्या, जमीन खडकाळ,
आणि प्रत्येक मेखेवर पहिला घाव
कोल्बीलाच घालायचा होता.
चौदा नंबरची जागा. शेजारी नळ,
नळावर पाटी : अस्वलं येतात, खाण्याचे डबे गाडीत ठेवा.
ओहायोहून आलेलं जोडपं विचारतं,
इथला सगळ्यात चांगला देखावा कुठून दिसतो?
मी म्हणते, वरून. सॉरवुड नॉबच्या माथ्यावरून.
दोन मैल चढण, शेवटचा टप्पा दमवेल.
हे सांगत नाही
की त्या देखाव्यात मी राहायचे.

माथ्यावर कठड्याशी तीन दुर्बिणी,
लोखंडी, माना वाकवून उभ्या.
पाव डॉलर टाकला की दोन मिनिटं डोळा उघडायच्या.
माझे वडील दर मंगळवारी त्यांना तेल द्यायचे.
खाणीनं त्यांची फुफ्फुसं ठेवून घेतली
आणि उरलेला माणूस पार्कला दिला :
गवत कापायला, संडास धुवायला,
दुर्बिणींच्या पोटातली अडकलेली नाणी काढायला.
चाचणीपुरतं एक नाणं सरकारी.
त्या नाण्यात ते घर बघायचे.

लोक बघायचे निळे डोंगर, एकामागे एक सात,
हवा स्वच्छ असली तर आठवाही.
ड्यूई रॅटलिफ बघायचे खाली, ओढ्याच्या वळणावर,
पत्र्याचं छप्पर आणि त्यामागची दोरी.
पिवळा टॉवेल, तर सगळं ठीक.
लाल घोंगडी, तर असशील तसा ये.
दोरी रिकामी, तर ओलेटा रागावली आहे,
येताना दुकानातून काहीतरी गोड आण.

सात वर्षांची होते. एका मंगळवारी
स्टुलावर चढून मी घोंगडी टाकली.
कारण काही नव्हतं.
आई चर्चच्या तळघरात शेंगा निवडायला गेलेली,
आणि मी त्यांना दिसते का,
एवढंच बघायचं होतं.

ट्रकचा रस्ता वळसा घालून येतो, नऊ मैल.
त्यांनी ट्रक वरच सोडला.
सरळ उतारावरून, रोडोडेंड्रॉनच्या जाळीतून,
कोपरं सोलवटत,
बुटांसकट ओढा ओलांडून आले.
अंगणात पोचले तेव्हा बोलता येत नव्हतं.
ओठ निळे.
मी पाण्याचा पेला धरून उभी,
अर्धं पाणी माझ्याच पायावर.
किती तरी वेळ नुसता श्वास,
फाटक्या भात्यासारखा.
मग म्हणाले,
"दिसलीस."

पुढच्या मंगळवारी मला वर नेलं,
हत्यारांच्या पेटीवर उभं केलं, नाणं टाकलं.
दोरीपाशी आई, मक्याच्या दाण्याएवढी,
दोन्ही हात कमरेवर.
मी हाक मारली. ती वळली नाही.
मी आणखी मोठ्यानं मारली.
वडील हसायला लागले,
मग ते हसणं खोकल्यात गेलं
आणि बराच वेळ परत आलं नाही.

आता दोन नाणी लागतात.
दुर्बीण हिरव्या रंगात रंगवली आहे, तेल कुणी दिलेलं नाही,
मान वळवताना किरकिरते.
वळण सापडतं. छप्पर नाही.
छपराच्या जागी पांढरा ट्रेलर,
बाजूला ट्रॅम्पोलिन, त्यावर कुणी नाही.
मागे दोरी आहे की केबलची तार,
ओळखू येत नाही.

उरलेला वेळ कोल्बीला देते.
खाली बघ, उजवीकडे, ओढा वळतो तिथे.
तो दुर्बीण फिरवतो ती थेट आमच्या तळावर,
ओहायोवाल्यांच्या गाडीवर.
"आई, गिधाड! वायपरचं रबर उपटतंय!
अजून एक आलं! दोघं मिळून ओढतायत!"
इतका हसतो की कपाळ लोखंडावर आपटतं.

खट्. काळोख.

"अजून टाक ना."
मी खिसे उलटे करते.
एका खिशात जागेची पावती,
दुसऱ्यातून निघते तंबूची एक मेख,
ठोकायचीच राहिलेली.
खाली वारा सुटला असेल.