स्टूल

रिकाम्या खुर्चीच्या प्रश्नाला
मला वीसपैकी अठरा मिळाले होते.
मुजुमदार मॅडमनी उत्तर वर्गात वाचून दाखवलं.

आज कंपूतल्या दवाखान्यात,
जिन्याखालच्या खोलीत, मे महिन्यात,
समोर शितोळे काका.
लोहिया बाजारात तराजू दुरुस्त करतात.
धाकटा भाऊ दिवाळीत गेला.
त्याआधी अकरा वर्षं एकाच दुकानात
पाठीला पाठ लावून बसले दोघं,
गिऱ्हाइकाशी तेवढे बोलत.

मी खुर्ची ओढली, आवाज मऊ केला:
समजा, दिगंबर इथे बसलाय.
काय म्हणाल त्याला?

काकांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"दिगू कुर्सीवर बसणाऱ्यातला नव्हता, बेटा."

उठले. व्हरांड्यातून चौकीदाराचं स्टूल
त्याला विचारून आणलं.
एक पाय डुगडुगत होता,
खाली पुठ्ठ्याची घडी सारली,
तळव्याने दाबून तोल पाहिला,
पुन्हा पाहिला.
मग गप्प.

मौन म्हणजे प्रतिकार, असं एक पुस्तक सांगतं.
दुसरं म्हणतं, सोबत राहा.
तिसऱ्यातलं काही आठवेना.
मी घड्याळ पाहिलं,
हे तर कुठेच लिहिलेलं नाही.

बाराव्या मिनिटाला त्यांनी हात लांबवला
आणि टेबलफॅनचं तोंड
माझ्यावरून काढून
स्टुलाकडे वळवलं.

अहवालात रकाना असतो: वापरलेली पद्धत.
'गेस्टाल्ट' लिहिलं. खोडलं.
दारात चौकीदार,
स्टूल परत न्यायला आलेला.
मी हातानेच म्हटलं,
जरा थांबा.